भरती-ओहोटीच्या नदीत कयाकवरून मासेमारी: आधी परतीचं पाणी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चौघे मित्र, तीन कयाक: दोन एकट्याच्या, एक दोघांची. आतापर्यंत धरणाच्या जलाशयात वल्हवलंय आणि गळही टाकलाय. आता उन्हाळ्याच्या सुटीत भरती-ओहोटीच्या नदीत उतरायचंय. सकाळी सहाला निघून सहा किलोमीटर खाली मुखाजवळ जायचं आणि दुपारी बारापर्यंत परत यायचं. मासा कोणत्या वेळी लागतो, आमिष कोणतं न्यावं आणि चौघांपैकी ज्याला पोहता येत नाही त्याला सोबत घ्यावं का, हे तुम्ही विचारलंय.

तिन्हींची उत्तरं देते. पण मला खरी काळजी वाटते ती तुमच्या बेतातल्या सहा ते बारा या वेळेची. ही वेळ घड्याळाची आहे, पाण्याची नाही. जलाशयात ती चालते, कारण तिथलं पाणी सहालाही उभं असतं आणि बारालाही. नदीत तेच सहा किलोमीटर पाऊण तासाचे असू शकतात किंवा तीन तासांचे. सामानाने भरलेली मासेमारीची कयाक सवयीचा माणूस न दमता ताशी साधारण पाच किलोमीटरने नेतो. ओहोटीचा ओढा ताशी तीन किलोमीटर धरा, म्हणजे अगदी मध्यम. जाताना वेग आठ पडतो आणि तुम्ही पाऊण तासात मुखाशी पोचता. त्याच ओढ्याविरुद्ध परत यायचं म्हटलं तर हातात उरतात ताशी दोन किलोमीटर. म्हणजे तीन तास सलग वल्हवणं, तेही भर उन्हात, दमल्यावर. थांबलात की तेवढं मागे जाल. ओढा पाचचा झाला तर जागचे हलणारही नाही.

म्हणून या नदीतला कुठलाही बेत मी एकाच प्रश्नावर तपासते: आपलं काही चुकलं, तर पाणी आपल्याला कुठे नेईल? वल्हं मोडलं, कुणाला चक्कर आली, मासा लागण्याच्या नादात तासभर जास्त गेला, तर त्यानंतर पाणी आपल्याला घराकडे ढकलणार आहे की समुद्राकडे? मार्ग, वेळ, नांगर कुठे टाकायचा, सगळं त्यावरून ठरतं.

आता पाण्याचं वेळापत्रक. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे 12 तास 25 मिनिटं जातात, त्यामुळे तीच भरती दुसऱ्या दिवशी साधारण 50 मिनिटं उशिरा येते. गेल्या रविवारी मित्राला सकाळी सातला भरती मिळाली म्हणून या रविवारी तुम्हालाही तीच मिळेल असं नाही. आठवड्याभरात चित्र जवळपास उलटं झालेलं असतं. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाणाचं पाणी असतं: चढ मोठा, उतार मोठा, ओढा जोरात. अष्टमीनंतरचे एक-दोन दिवस भांगाचं पाणी: चढउतार कमी, ओढाही नरम. पहिल्या खेपेला भांगाचाच दिवस निवडा. उधाणाला मासा जास्त फिरतो असं सांगणारे भेटतील आणि ते बऱ्याचदा खरंही असतं, पण ते पाणी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी ठेवा.

पाणी सहा तास एकाच गतीने चढत किंवा उतरत नाही. ढोबळ हिशोब बारा भागांचा: पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात पुन्हा दोन आणि सहाव्यात एक. चढउतार तीन मीटरचा असेल तर पहिल्या तासात पाणी 25 सेंटिमीटर उतरतं आणि तिसऱ्या तासात 75. म्हणजे मधले दोन तास सर्वांत अंगावर येणारे. नदीत हा हिशोब तंतोतंत लागू पडत नाही. मुखापासून आत जावं तसा भरतीचा काळ आखडतो आणि ओहोटीचा लांबतो. वरून गोडं पाणी किती येतंय यावरही ते अवलंबून असतं. नदी आटलेली असेल तर भरती बरीच आतवर शिरते, वर पाऊस झालेला असेल तर ओहोटीचा जोर वाढतो आणि भरती उशिरा जाणवते.

आणखी एक गोष्ट, जी भरती-ओहोटीच्या वेळांच्या छापील तक्त्यात दिसत नाही. तक्त्यात पाण्याची उंची असते, प्रवाहाची दिशा नसते. ओहोटीची वेळ झाली, किनाऱ्यावर पाणी चढायलाही लागलं, तरी मधल्या पात्रात प्रवाह आणखी काही वेळ समुद्राकडेच धावत असतो. शिवाय तक्ता जवळच्या बंदराचा असतो, तुमच्या धक्क्याचा नाही. तुमच्या जागी भरती किती उशिरा पोचते ते शोधायला एक अर्धा दिवस द्या. जायच्या एक-दोन दिवस आधी धक्क्यावर जाऊन बसा. काठाच्या चिखलात काठी रोवा आणि पाणी कधी थांबलं, कधी वळलं ते लिहून ठेवा. काठालगतचं पान आणि पात्राच्या मधला फेस या दोन्हींकडे एकाच वेळी बघत राहा. काठाचं पान आधी अडखळतं, जागच्या जागी फिरतं आणि वर सरकायला लागतं. मधला फेस तेव्हाही खालीच चाललेला असतो, कारण खोल पाण्याचा जोर मोडायला वेळ लागतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की परतीला मधून न येता काठाकाठाने यावं हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग निघायचं कधी? तुमचा धक्का मुखापासून सहा किलोमीटर आत आहे, हे तुमच्या बाजूचं आहे. ओहोटीचा शेवटचा दीड-दोन तासांचा भाग उरला असताना पाण्यात उतरा. तेव्हा ओढा मंदावत असतो. त्याच्याबरोबर सावकाश खाली जा, पाणी वळायच्या सुमारास मासेमारी करा आणि भरतीबरोबर घरी या. उन्हाळ्यात दुपारी जमीन तापली की वारा समुद्राकडून आत वाहायला लागतो, तोही तुमच्या पाठीशी येतो. यात कुणी दमलं, वल्हं गेलं तरी भरती त्याला धक्क्याच्या दिशेनेच आणते. हा बेत मला याचसाठी आवडतो.

उलट बेत, म्हणजे भरतीबरोबर वर जाऊन ओहोटीबरोबर परतणं, काही वाईट नाही. पण धक्का मुखाजवळ असेल तर परतीला धक्का हुकला की पुढे थेट समुद्र. शिवाय ओहोटी खाली आणि दुपारचा वारा वर, असे दोघे समोरासमोर आले की अर्ध्या तासापूर्वी गुळगुळीत असलेल्या पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठतात. वारा तेवढाच असतो, प्रवाहही तेवढाच, फक्त दिशा विरुद्ध असतात. तसल्या लाटांत जड कयाक नाक खुपसते. मुखाजवळूनच निघावं लागणार असेल तर भरतीबरोबर वर जा आणि पाणी भरून थांबलेलं असतानाच परत फिरा, ओहोटीने जोर धरायच्या आत धक्का गाठा.

तुमच्या बेतातला एक भाग मात्र मी काढून टाकेन: मुखापर्यंत जाणं. पाणी वळायला तुमच्या अंदाजापेक्षा पाऊण तास उशीर झाला तर तेवढा वेळ तुम्ही समुद्राकडे सरकत राहाल. सहाच्या जागी तीन, फार तर साडेतीन किलोमीटरवर एखादी ठळक खूण धरा: पूल, वळण, मोठं झाड. त्याच्या खाली कुणीही जायचं नाही, समोर मासे उड्या मारत असले तरी. पहिल्या खेपेला तेवढं पाणी पुरतं.

आता मासा. ओहोटीच्या शेवटाला मासे मिळवणं सोपं असतं, कारण मासे लपायच्या जागा कमी झालेल्या असतात. भरतीला पाणी चिखलाच्या पट्ट्यांवर, झुडपांच्या मुळांत, बारक्या ओहळांत पसरतं आणि बोय, कोळंबी, लहान मासळी त्याच्यामागे आत शिरते. पाणी उतरलं की हे सगळं त्याच ओहळांतून बाहेर पडतं. शिकारी मासा ओहळाच्या तोंडाशी, जिथे उथळ पाणी एकदम खोल होतं तिथे, प्रवाहाकडे तोंड करून वाट बघत असतो. तो जोराच्या धारेत उभा राहत नाही. धारेच्या कडेला, जिथे पळतं पाणी आणि संथ पाणी घासून एक रेघ दिसते, तिथे संथ बाजूला असतो. पुलाच्या खांबामागचा भोवरा, वळणाची आतली बाजू, बुडालेल्या झाडाची सावली, सगळीकडे हाच नियम.

म्हणून आमिषापेक्षा ते कसं पोचतं याला मी जास्त महत्त्व देते. ओहळाच्या तोंडापासून एक फेक अंतरावर, जरा बाजूला थांबा. गळ प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका आणि पाण्याबरोबर वाहत खाली येऊ द्या, तुम्ही फक्त सैल पडलेली दोरी गोळा करत राहा. खरी कोळंबी पाण्याबरोबर येते, पाण्याविरुद्ध रेल्वेसारखी धावत नाही. वजन एवढंच की आमिष तळाला मधूनमधून टेकावं. टेकतच नसेल तर वजन वाढवा, रुतून बसत असेल तर कमी करा. ओढा दर वीस मिनिटांनी बदलतो, म्हणून तीन-चार वजनं हाताशी ठेवा. आमिष म्हणाल तर जिवंत किंवा ताजी कोळंबी पहिली पसंती. कृत्रिम हवं असेल तर जिगवर, म्हणजे डोक्याला वजन असलेल्या गळावर, लावलेलं मऊ रबरी शेपटीचं. गढूळ पाण्यात मासा डोळ्यांपेक्षा कंपनावर जास्त विसंबतो, त्यामुळे हलणारी शेपटी उपयोगी पडते. पाणी पूर्ण थांबतं तेव्हा मासाही बहुधा थंड पडतो. तो वेळ पाणी पिणं, दोऱ्या तपासणं आणि एकमेकांजवळ येणं यासाठी ठेवा. भरती सरकायला लागली की पहिला तास पुन्हा चांगला असतो.

उष्णतेचाही विचार करा. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून भर दुपारी मासे मंदावतात आणि सोडून दिलेला मासा लवकर मरतो. ओहोटीचा शेवट पहाटे किंवा सकाळी लवकर येतो असा दिवस तक्त्यात शोधा. भांगाचं पाणी आणि सकाळची ओहोटी हे दोन्ही एकाच दिवशी जुळेलच असं नाही. जुळत नसेल तर संध्याकाळचा पर्याय बघा, पण अंधाराआधी धक्क्यावर असाल याची खात्री करूनच. सोडायचा मासा ओल्या हातांनी, पाण्यातच ठेवून मोकळा करा. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाकलेला असला तर हे काम क्षणात होतं, आणि तोच गळ मित्राच्या दंडात घुसला तर तिथेही सुटका सोपी जाते. परवाना, किमान लांबी, बंदीचा काळ हे ठिकाणाप्रमाणे बदलतं, तेवढं तुमच्या भागापुरतं आधी विचारून घ्या.

नांगराबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण जलाशयातून नदीत येणाऱ्यांना मी सर्वांत आधी हेच शिकवते. जलाशयात नांगराची दोरी हाताला येईल त्या कडीला बांधली तरी भागतं. नदीत ती कयाकच्या बाजूला, मध्यावर बांधलीत तर प्रवाह कयाकला आडवी धरतो, वरची कड दाबतो आणि कयाक उलटते, सावरायला वेळही मिळत नाही. दोरी नेहमी टोकाला हवी, पुढच्या किंवा मागच्या. बसल्या जागेवरून दोरी टोकापर्यंत सरकवता येते अशी अँकर ट्रॉली बसवून घ्या. दोरीच्या शेवटाला एक तरंगता बोया आणि एका झटक्यात सुटणारी अडक असावी. मोठा मासा लागला किंवा ओंडका वाहत येताना दिसला, तर नांगर ओढत बसायचं नाही, सोडून द्यायचा. बोया नंतर उचलता येतो. दोरी कापायचा सुरा लाइफ जॅकेटवर, दोन्ही हातांना पोचेल असा अडकवा.

प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. म्हणून ओहोटी-भरतीच्या मधल्या तासांत नांगर टाकूच नका, वाहत वाहत मासेमारी करा किंवा काठाच्या संथ पाण्यात थांबा. भरतीत नांगरलेले असाल तर पाणी चढत असतं आणि दोरी तेवढीच राहते. थोड्या थोड्या वेळाने ती सैल करत राहिलं नाही तर कयाकचं टोक खाली खेचलं जातं. नदीच्या मऊ चिखलात घडीचा छोटा नांगर नीट धरतही नाही. उथळ जागी चिखलात रोवायची लांब काठी त्यापेक्षा बरी.

चौघं एकत्र आहात, हा मोठा आधार आहे, पण नदीत मित्र नकळत पांगतात. एक जण काठाशी संथ पाण्यात रमलेला, दुसरा मधल्या धारेत. दहा मिनिटांत दोघांमध्ये अर्धा किलोमीटर पडतो आणि हाक पोचत नाही. म्हणून निघायच्या आधी धक्क्यावरच ठरवा: पुढे कोण, मागे कोण. मागच्याने कुणालाही आपल्या मागे राहू द्यायचं नाही. अंतर एवढं की शिट्टी ऐकू येईल आणि चेहरा ओळखता येईल. परत फिरायची वेळ घड्याळात ठरवा आणि ती चौघांनीही पाळा, "अजून एक फेक" याला त्यात जागा नाही. एकाला मोठा मासा लागला की बाकीच्यांनी आपल्या दोऱ्या आत घ्याव्यात आणि एकाने त्याच्याजवळ जाऊन थांबावं, कारण मासा ओढतो तेव्हा त्या माणसाचं लक्ष प्रवाहावर नसतं. ओढून न्यायची दोरी किमान दोन कयाकवर हवी. आणि उभ्या असलेल्या बोटी, तराफे, जाळ्यांचे खुंट यांच्या वरच्या अंगाला जाऊ नका. प्रवाह माणसाला त्यांच्याखाली ओढतो. मोठ्या बोटींची वाट ओलांडायची असेल तर तिन्ही कयाक जवळजवळ ठेवून, काटकोनात, एकदमच ओलांडा.

उलटल्यावर परत चढणं चौघांनाही आलं पाहिजे, आणि ते जलाशयातच शिकून घ्या. कयाक सरळ करा, मध्यावर दोन्ही हात टाका, पाय मागे लाथा मारून पृष्ठभागावर आणा आणि पोटावर कयाकवर सरका. बेंबी मधल्या रेषेवर आली की कुशीवर वळून बसा, पाय शेवटी आत घ्या. पाय खाली लोंबकळत ठेवून हातांनी वर ओढायला गेलात की कयाक अंगावर येते. दुसरा मित्र पलीकडच्या बाजूने कयाक दाबून धरेल तर काम निम्मं होतं. रॉड, वल्हं, पेटी सगळं कयाकला बांधा, स्वतःच्या अंगाला काहीही बांधू नका.

ऊन पाण्यावर दुहेरी लागतं, वरून आणि परावर्तित होऊन खालून. वाऱ्यामुळे ते जाणवत नाही. तहानेची वाट न बघता घोट घोट पीत राहा, कडक उन्हात तासाला अर्धा ते एक लिटर धरा आणि थोडं क्षारयुक्त पाणीही ठेवा. पेटके, डोकेदुखी, मळमळ किंवा मित्राची अकारण चिडचिड दिसली की सावलीचा काठ गाठा. बोलणं असंबद्ध झालं तर तो उष्माघात असू शकतो, अंगावर पाणी ओतत लगेच मदत मागवा. ढगांचा गडगडाट ऐकू आला की रॉड आडवे करून काठावर या. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात उतरू नका.

आता तुमचा पोहता न येणारा मित्र. घ्या, पण अटींवर. त्याला दोघांच्या कयाकमध्ये पुढे बसवा आणि मागे तुमच्यातला सर्वांत अनुभवी, ज्याने त्या दिवशी स्वतःची मासेमारी दुय्यम मानायची. दोघांनी एकाच वेळी गळ टाकायचा नाही, एकाचा गळ पाण्यात असताना दुसऱ्याच्या हातात वल्हं. लाइफ जॅकेट त्याच्या मापाचं हवं, पट्टे आवळल्यावर खांद्याला धरून वर उचललं तर हनुवटीपर्यंत सरकता कामा नये. ते धक्क्यावर घालायचं आणि धक्क्यावरच काढायचं, चौघांनीही. जायच्या आधी कमीत कमी एकदा त्याला जॅकेट घालून जलाशयात पाण्यात उतरवा, पाठीवर तरंगू द्या, कयाक मुद्दाम उलटवून परत चढू द्या. पोहता न येणारा माणूस बुडण्याच्या आधी घाबरतो आणि घाबरून सोबत्याला घट्ट धरतो. जॅकेट आपल्याला वर धरतं हे त्याच्या अंगाला एकदा कळलं की ती भीती बरीच उतरते. त्या सरावात तो शांत राहिला नाही, तर नदीच्या दिवशी त्याला काठावर ठेवा. काठावरच्या माणसाकडे तुमचा मार्ग, परत फिरायची वेळ आणि कुणाला फोन करायचा ते लिहून द्या, असा माणूस तुम्हाला नाहीतरी लागणारच आहे.

तारीख ठरली की त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि उंची कळवा. निघायची आणि परत फिरायची वेळ आपण मिळून काढू.